कपाट क्रमांक सतरा उघडं ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि पुस्तक निवड समितीचे सर्व सदस्य,
आपल्या पेठेतले सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही तेरा जणी वाचनालयाच्या जिन्यावर उभ्या होतो. वरच्या सभागृहाला कुलूप होतं आणि दारावर चिठ्ठी होती: ‘महिला वाचनकट्टा आज काही कारणास्तव होणार नाही.’ कारण लिहिलेलं नव्हतं. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकू कसबा बावड्याहून केएमटीच्या बसनं आल्या होत्या, त्या जिन्यावरच टेकल्या. मी खाली देवघेव विभागात गेले. कपाट क्रमांक सतराच्या तिसऱ्या फळीवर चार बोटं रुंद फट होती. तिथली, स्त्रियांच्या स्त्रियांवरच्या प्रेमाबद्दलची तीन पुस्तकं गेली होती. त्या दिवशी आम्ही ज्यांवर बोलणार होतो, तीच तीन.

ग्रंथपाल भाऊंनी मान खाली घालून सांगितलं, की पुस्तकं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवली आहेत आणि चावी कार्यवाहांकडे असते. त्यांचा यात दोष नाही, हे आधीच लिहून ठेवते.

सोमवारी आपण मला बोलावून घेतलंत, चहा दिलात आणि शांतपणे समजावलंत. “बाई, पुस्तकं आम्ही रद्द केलेली नाहीत. जिला हवं तिनं अर्ज द्यावा, पुस्तक मिळेल. फक्त उघड्यावर नको आणि त्यावर जाहीर चर्चा नको. दोन्ही बाजू सांभाळणारा मधला मार्ग आहे.” आपल्याकडं असलं काही नव्हतं आणि महिला विभागात येणाऱ्या मुलींवर परिणाम होईल, असंही म्हणालात. आपल्या बोलण्यात कुठंही कडवटपणा नव्हता. म्हणून मीही तो या पत्रात येऊ देणार नाही. मात्र कार्यालयात बसून दोघांत मिटवण्याचा हा विषय नाही, सगळ्या सभासदांचा आहे, म्हणून पत्र खुलं लिहिते आहे.

आपल्या त्या मधल्या मार्गावरून कोण चालेल, याचा मी त्या दिवसापासून विचार करते आहे. अर्जावर नाव, पत्ता, सभासद क्रमांक आणि पुस्तकाचं नाव लिहायचं. अर्ज कार्यालयातल्या टेबलावर पडणार. त्या टेबलाशी संध्याकाळी कोण कोण बसतं, ते आपल्याला ठाऊक आहे: कुणाचे काका, कुणाच्या वडिलांचे तालमीतले मित्र, कुणाचे घरमालक. पेठेत एखाद्या घरी काय शिजतंय ते चार घरं पलीकडे कळतं. मी साठी गाठलेली निवृत्त शिक्षिका आहे, मी अर्ज देईन आणि कुणी माझं काही वाकडं करणार नाही. पण एकोणीस वर्षांची मुलगी, जिला स्वतःबद्दल काहीतरी उमगू लागलंय आणि ते नेमकं काय आहे हे कुणाला विचारायची सोय नाही, ती ‘स्त्रियांचं स्त्रियांवरचं प्रेम’ असं स्वतःच्या हातानं अर्जावर लिहून आपल्यासमोर ठेवेल का? ज्या वाचकासाठी हे पुस्तक आहे, नेमकी तीच ते मागू शकत नाही. बाकी आम्हा सगळ्यांना ते मागता येतं.

हे मी तर्कानं लिहीत नाही. मला ती मुलगी माहीत आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. १९९६ साली एका तालुक्याच्या गावी होते. दहावीचा वर्ग होता. मधल्या ओळीतल्या दोघी मुली एकाच बाकावर बसत, एकाच डब्यातलं खात. एकदा तपासणीत एकीच्या कंपासपेटीत घडी घातलेलं पत्र सापडलं. दुसरीनं तिला लिहिलेलं. मी ते तिथंच उभी राहून वाचलं. पत्रात वाईट असं काही नव्हतं. सुट्टीत करमत नाही, तुझ्या घरावरून सायकलनं दोनदा गेले, तू दिसली नाहीस, एवढंच. आणि खाली, मीच आदल्या महिन्यात वर्गात शिकवलेल्या ज्ञानदेवांच्या विरहिणीतल्या दोन ओळी तिनं सुंदर अक्षरात उतरवल्या होत्या.

विरहिणी शिकवताना मी सांगितलं होतं, की ज्ञानदेव इथं स्त्री होऊन बोलतात, ओढ एवढी तीव्र असली की बोलणारा पुरुष की बाई हे उरत नाही. वर्गातल्या एकाच मुलीनं ते इतकं मनावर घेतलं होतं. आणि मी काय केलं? पत्र मुख्याध्यापकांकडे दिलं. दोघींच्या वडिलांना बोलावणं गेलं. जिनं लिहिलं होतं तिला परीक्षेआधीच शाळेतून काढलं, पुढच्या वैशाखात तिचं लग्न लावून दिल्याचं कानावर आलं. मी त्या लग्नाला गेले नाही, आणि त्याबद्दल कुणाशी बोललेही नाही.

पंधराएक वर्षांनी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गारगोटीच्या गाडीची वाट बघत असताना एक बाई जवळ आली. “बाई, ओळखलंत?” मी ओळखलं. ती जिच्या कंपासपेटीत पत्र सापडलं होतं, ती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाडी लागली तशी ती म्हणाली, “बाई, ते पत्र तुमच्याकडं आहे का अजून?” मी सांगितलं, मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांसमोर फाडलं. ती म्हणाली, “मला वाटलंच. तिनं लिहिलेलं तेवढंच होतं माझ्याकडं.” आणि गाडीत चढली.

मंडळी, मी मराठी घेऊन एम.ए. केलेलं, हातात सतत पुस्तक असणारी बाई होते. १९९६ साली माझ्याकडे त्या दोघींसाठी ‘नसते चाळे’ याखेरीज शब्द नव्हता. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’, एका मुलीच्या मुलीवरच्या प्रेमाचं नाटक, रंगभूमीवर येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती. ते मी वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तर मी हमखास वेगळी वागले असते, असा दावा करत नाही. पण पत्र हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जो व्हरांडा होता, तो मी त्या दिवशी फार भरभर चालले. निदान मध्ये थांबले असते.

म्हणून निवृत्तीनंतर कट्टा सुरू केला तेव्हा, दोन वर्षं दिवाळी अंक आणि आत्मचरित्रं वाचून झाल्यावर, मी ‘मित्राची गोष्ट’ सुचवलं. ते नाटक आपल्याच वाचनालयात होतं, तेंडुलकरांच्या इतर नाटकांच्या रांगेत, कित्येक वर्षांत कुणी नेलेलं नाही असं. आम्ही ते दोन शनिवार मिळून मोठ्यानं वाचलं. सुमित्रा म्हणजे मित्रा, पुण्याच्या कॉलेजात शिकणारी, १९४० च्या दशकातली. गॅदरिंगच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. १९८१ च्या प्रयोगात मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली होती. आमच्यातल्या एकीनं तो प्रयोग पाहिला होता आणि इतकी वर्षं ती त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती!

वाचन संपल्यावर जी चर्चा झाली, ती आपण ऐकायला हवी होती. मला वाटलं होतं, या चुळबुळ करतील. पण पहिला प्रश्न आला तो असा, की मित्राची गोष्ट बापू का सांगतो? ती स्वतः का सांगत नाही? बँकेत नोकरी करणाऱ्या एकीनं विचारलं. बापू भला आहे, तिचा मित्र आहे, तिच्यासाठी मार खातो, पण नाटकभर आपण तिला त्याच्या डोळ्यांनी बघतो. मग दुसरीनं काढलं, की शेवटी तिनं मरायलाच हवं होतं का? यावर खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, तो काळच तसा होता, लेखक खरं लिहितो. एक जण म्हणाली, खरं आहे, पण एखाद्या मुलीला स्वतःसारखी बाई आयुष्यात एकदाच पुस्तकात भेटली आणि ती शेवटी जीव देणारी निघाली, तर तिनं काय समजायचं? माझ्या मते या नाटकावर मराठीत इतका नेमका प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल, आणि तो आपल्या वरच्या सभागृहात, कुरकुरत्या पंख्याखाली विचारला गेला.

त्या प्रश्नामागोमाग आम्ही पुढची पुस्तकं शोधत गेलो. मराठीत या विषयावरचं लेखन थोडं आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलैंगिकतेवर मराठीतून पुस्तकं लिहिली, तो मोठा आधार आहे. पण स्त्रियांनी स्त्रियांबद्दल लिहिलेलं शोधायला हिंदी-इंग्रजीकडे वळावं लागतं. हिंदी आम्ही वाचतो, इंग्रजी आमच्यातली एक तरुण मुलगी वाचून तोंडी मराठीत सांगते.

इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ वाचली. लिहाफ म्हणजे रजई. १९४२ ची कथा, तिच्यावरून लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला झाला आणि साक्षीदारांना गोष्टीतला एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही. कथेचा दबदबा मोठा, तरी मला ती पूर्ण पटलेली नाही, आणि हेही कट्ट्यावर बोलले. नवाबानं दुर्लक्ष केलं म्हणून बेगमजान रब्बूकडे वळते, असा तिचा रोख आहे. जणू नवरा बरा असता तर हे घडलंच नसतं. शिवाय सांगणारी लहान मुलगी आहे, आणि बेगम तिलाही ज्या तऱ्हेनं जवळ ओढते ते वाचताना अंगावर काटा येतो. प्रेम आणि लहान मुलाला झालेला त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही स्पष्ट बोललो. आपल्याला वाटतं आम्ही या पुस्तकांची भलामण करायला जमतो. आम्ही ती वाचायला जमतो, आणि वाचणं म्हणजे भांडणंही आलं.

मग विजयदान देथा. राजस्थानातल्या बोरुंद्याचे. त्यांची ‘दोहरी जूण’ ही लोककथेच्या वळणाची गोष्ट आहे. दोन व्यापारी मित्र मुलं जन्मायच्या आधीच त्यांची सोयरीक ठरवतात. दोघांनाही मुलीच होतात. एक बाप लोभापायी मुलगी झाल्याचं लपवतो आणि तिला मुलगा म्हणून वाढवतो. बीजां आणि तीजां यांचं लग्न लागतं. रात्री सत्य कळतं, आणि दोघी एकमेकींना सोडत नाहीत. गाव त्यांना राहू देत नाही, तर भुतांचा सरदार त्यांना आसरा देतो. पुढं बीजांला पुरुष होण्याचा वर मिळतो, आणि पुरुष होताच ती तीजांवर हुकूम गाजवायला लागते, हक्क सांगायला लागते. शेवटी तिला स्वतःलाच ते नकोसं होतं आणि ती पुन्हा बाई होते.

ही गोष्ट संपल्यावर बावड्याच्या काकू बोलल्या. एरवी त्या बोलत नाहीत, विणकाम करत ऐकतात. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहिते. “आमच्या आत्याची एक मैतरीण हुती. दोघी बालविधवा. एका खोलीत चाळीस वर्सं ऱ्हायल्या. एकच चूल. आत्या गेली तवा तिनं तेरा दिस अन्नाला हात लावला न्हाई. पर तिला सुतक नव्हतं. सुतक आम्हाला हुतं, ज्यांनी आत्याला वर्सात एकदा बघितलेली.” थोडं थांबून म्हणाल्या, “त्या काय हुत्या, मला म्हाईत न्हाई. आता इचारायला कुणी न्हाई.”

तेव्हा सभागृहात कुणीच काही बोललं नाही. त्या दोघींना आज आपण कुठलंही नाव देऊ नये, असं मला वाटतं. जनाबाईलाही मी ओढूनताणून या यादीत बसवणार नाही. पण ‘आपल्याकडं असलं काही नव्हतं’ हे आपलं वाक्य मला काकूंच्या आत्याच्या खोलीसमोर टिकत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत मैतरणीवरच्याही ओव्या आहेत. नवरा, भाऊ, लेक यांच्याबरोबर जात्यावर मैतरीणही आहे. तिच्याशी बाईचं नातं काय काय असू शकतं, हे आपण कधी विचारलं नाही, एवढंच म्हणता येतं. १९८७ साली मध्य प्रदेशात लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांना नोकरीवरून काढलं. त्या विलायतेहून आल्या नव्हत्या, कुठली इंग्रजी पुस्तकं वाचून बिघडल्याही नव्हत्या.

हे सगळं परकं आहे असं म्हणताना एक नाव तर मला आपल्यापुढे ठेवायलाच हवं. सुनीती नामजोशी. फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातली नात, जन्म १९४१. आयएएसमध्ये होत्या, नोकरी सोडून परदेशी गेल्या, टोरोंटोला शिकवलं, पुढं इंग्लंडात राहिल्या. १९८१ साली ‘फेमिनिस्ट फेबल्स’ लिहिलं. पंचतंत्र, परीकथा, पुराणं यांतल्या गोष्टी उलट्या फिरवून, पान-अर्ध्या पानाच्या. आपण एका बाईवर प्रेम करतो हे त्यांनी कधी लपवलं नाही. जोडीदारीण जिलियन हॅन्सकोम्ब यांच्याबरोबर त्यांनी मिळून कवितांचं पुस्तक केलं. आणि याच सुनीतीबाईंनी आपल्या आईच्या, सरोजिनी नामजोशींच्या जोडीनं गोविंदाग्रजांच्या, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांच्या, कविता इंग्रजीत नेल्या. आपल्या वाचनालयात गडकऱ्यांच्या साहित्याच्या तीन तीन प्रती आहेत. ज्या बाईनं गोविंदाग्रज जगाला दिला, तिचं एकही पुस्तक नाही. जे एक होतं, आमच्या कट्ट्यानं वर्गणी काढून दिलेलं, ते आता लोखंडी कपाटात आहे.

‘मित्राची गोष्ट’ वाचताना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अमेरिकेत सापडलं. पॅट्रिशिया हायस्मिथ यांची १९५२ ची कादंबरी, ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’. दुकानात खेळण्यांच्या काउंटरवर उभी राहणारी तरुण मुलगी आणि एक विवाहित, मुलगी असलेली बाई. कादंबरी क्लेअर मॉर्गन या टोपणनावानं आली, कारण खऱ्या नावानं लिहिण्याची लेखिकेची हिंमत नव्हती. स्वतःचं नाव त्यांनी त्यावर घातलं १९९० साली. या कादंबरीत कुणी मरत नाही. शेवटी दोघी एकमेकींकडे परत येण्याची वाट उघडी राहते. त्या टोपणनावाच्या लेखिकेला बायकांची ढीगभर पत्रं आली, की आमच्यासारख्यांचा शेवट असाही होऊ शकतो हे पहिल्यांदा वाचलं. आमच्या तरुण मैत्रिणीनं हे सांगितलं आणि मला सीबीएसवरची ती गारगोटीची गाडी आठवली.

टोपणनाव म्हटल्यावर एकीला लगेच विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, आठवल्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. प्रौढ कुमारिकांच्या मनातलं, घरच्यांनी मुलीच्या पगारासाठी तिचं लग्न लांबवणं, एवढंच तर होतं त्यात. तरी मालतीबाईंना नाव लपवावं लागलं. आज ते पुस्तक आपल्या उघड्या कपाटात आहे, अभ्यासाला लागतं, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. १९९९ साली अश्विनी सुखटणकर यांनी भारतातल्या समलिंगी स्त्रियांचं लेखन ‘फेसिंग द मिरर’ या नावानं इंग्रजीत एकत्र केलं, त्यातही कितीतरी जणींची नावं खरी नाहीत. त्या बायकांनी पुढं होऊन लिहिलं, नाव मात्र मागे ठेवलं. आणि आपण वाचणारीला म्हणतो आहोत, नाव-पत्त्यासकट अर्ज दे.

आता आपला दुसरा मुद्दा. महिला विभागात शाळा-कॉलेजच्या मुली येतात, त्यांच्यावर परिणाम होईल. होईल, आणि व्हावा अशी माझी इच्छा आहे. ज्या मुलीचं मन मुलांकडे आहे ती ही पुस्तकं वाचून बदलणार नाही. मी आयुष्यभर नवरा-बायकोच्या प्रेमाच्या कविता शिकवल्या, त्यानं त्या दोघी बदलल्या नाहीत. परिणाम होईल तो असा, की आपण एकटी नाही हे एखादीला कळेल, आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला चिडवण्याऐवजी गप्प बसायला, पुढं कधी बोलायला सुचेल. परिणाम माझ्यासारख्या शिक्षिकांवरही व्हायला हवा. २०२१ साली मदुराईच्या दोन तरुणींचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात आलं. घरच्यांपासून संरक्षण मागायला त्या आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपल्याला हा विषय पुरेसा समजत नाही हे मोकळेपणानं मान्य केलं, स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर शिकायला बसले आणि मग निकाल दिला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसतो, तर आपल्या समितीनं महिन्यातून दोन तास आमच्यात येऊन बसायला हरकत काय आहे? खुर्च्या आहेत.

कायद्याची भीती तर घालूच नका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध बाहेर काढले, आणि न्या. इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं की इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. २०२३ च्या निकालानं लग्नाचा हक्क दिला नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचं दुःख आहे. पण ही पुस्तकं वाचायला कायद्यानं मनाई केलेली नाही.

आणि हे कोल्हापुरात होतं आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते मुलं काय वाचतील याची भीती बाळगून नव्हे. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली याच कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. आपल्या कार्यालयात भिंतीवर कोल्हापूरच्या त्या कायद्याची माहिती फ्रेम करून लावलेली आहे, त्याच भिंतीला लागून ते लोखंडी कपाट आहे.

बिंदू चौकातून आपण रोज जाता. तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्यांच्या हयातीत, १९५० साली उभारलेला. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. लोकांना लैंगिक प्रश्न पडतात, ते विचारायचा आणि जाणकारानं उत्तर द्यायचा त्यांना हक्क आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चालत राहिलं. वाचकानं प्रश्न विचारणं हा गुन्हा ठरू नये म्हणून बाबासाहेबांनी कोर्टात उभं राहायचं, आणि आपण त्यांच्या पुतळ्याला जयंतीला हार घालून वर जिन्याला कुलूप लावायचं, हे मला सहन होत नाही.

चर्चा नको, घरी नेऊन वाचा, असंही आपण म्हणालात. घरी वाचून काकूंच्या आत्याची गोष्ट बाहेर आली नसती. माझी सुद्धा नसती आली. १९९६ चं पत्र मी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते कट्ट्यावर, त्याच शनिवारी. पुस्तक एकटीनं वाचलं की ते आपल्यापुरतं राहतं, दुसरीसमोर वाचलं की आपण काय केलं हे सांगावं लागतं. कट्ट्यावर सगळ्या सहमत आहेत असं समजू नका. एक ताई स्पष्ट म्हणाल्या, “मला हे अजून पटत नाही, पण मी येणार. तुम्ही काय बोलता ते मला ऐकायचंय.” दुसऱ्या एकीनं येणं बंद केलं. तिच्या घरी मी जाऊन आले, पुन्हा जाईन.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. तीन पुस्तकं कपाट क्रमांक सतरामध्ये, तिसऱ्या फळीवर, होती तिथं परत ठेवावीत. त्यांवर वेगळी खूण, वेगळा शिक्का, वेगळी नोंदवही नको. नेहमीच्या देवघेवीत, कार्डावर तारीख पडते तशी पडावी. एखादी मुलगी पुस्तक घरी न नेता महिला विभागाच्या कोपऱ्यात बसून वाचून परत फळीवर ठेवेल, तर तिला कुणी नाव विचारू नये. घरी नेणं सगळ्यांनाच परवडत नाही. आणि सभागृह महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पूर्वीसारखं मिळावं, त्याचं भाडं आम्ही पूर्वीसारखं देऊ.

या पत्रासोबत माझ्याकडची आणखी पाच पुस्तकं भेट म्हणून देते आहे. अमृता पाटील यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी त्यात आहे, ती आधी आपणच चाळून पाहा, मुंबईचं असं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रीतसर दाखलनोंद करून पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारावा.

येत्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चार वाजता येतो आहोत. बावड्याच्या काकूंना जिना चढायला वेळ लागतो, तेव्हा दार पावणेचारला उघडलं तर बरं होईल.

आपली,
महिला वाचनकट्ट्यातली एक सभासद
(सभासदत्व १९९१ पासून)